परदेशी कॅडेट वर्गात येतो तेव्हा

डिचोलीहून एका प्राध्यापिकेने विचारलं आहे. त्या गणित शिकवतात. आठ वर्षं गोव्यातल्या एका महाविद्यालयात काढल्यावर आता लोकसेवा आयोगामार्फत त्यांची एका सैनिकी प्रबोधिनीत निवड झाली आहे आणि जुलैत रुजू व्हायचं आहे. वर्गात भारतीय कॅडेटांबरोबर चार-पाच परदेशी मुलंही असतील असं त्यांना कळलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. ही मुलं येतात कशी, आणि त्यांची निवड आपल्या मुलांपेक्षा ढिली असते का? दर्जा खाली न आणता वर्गात त्यांच्यासाठी काय करता येईल? आणि जाता जाता विचारलेला तिसरा: त्यांच्या वाड्यावरच्या एका मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तो 'परदेशी विद्यार्थी' म्हणून प्रबोधिनीत जाऊ शकेल का?

मी नौदलाच्या शिक्षण शाखेत चोवीस वर्षं होतो. नौदल अकादमी १९८६ पासून २००९ मध्ये केरळातल्या एळिमलाला जाईपर्यंत आपल्या वेरेंला, आयएनएस मांडवीच्या आवारात होती. माझी पहिली नेमणूक तिथलीच. पुढे वेगवेगळ्या प्रशिक्षण संस्थांतून फिरलो आणि त्यातली बरीच वर्षं परदेशी प्रशिक्षणार्थींचं काम माझ्याकडे होतं. आता बांदोड्याला घरी असतो. उत्तर लांबेल, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना ते नागरिकत्व मिळू शकतं, म्हणून गोव्यात तो घरोघरी आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या मुलाला दोन्ही दारं बंद आहेत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढलं तरी एनडीएच्या, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसता येत नाही. राहिला परदेशी म्हणून येण्याचा रस्ता. पण परदेशी कॅडेट स्वतः अर्ज करत नाही, त्याला त्याचं सरकार पाठवतं. म्हणजे लिस्बनच्या संरक्षण मंत्रालयाने या मुलाची निवड करून त्याला भारतात धाडायला हवं, आणि परत गेल्यावर त्याने पोर्तुगालच्या सैन्यात नोकरी करायची. डिचोलीत वाढलेल्या मुलाच्या मनात हे नसतं. पुष्कळ घरांत एकाचे कागद करताना सगळ्या भावंडांचे करून टाकतात. मुलाच्या मनात वर्दी असेल तर कागदांवर सही करण्याआधी ते घरात बोललं गेलं पाहिजे. पासपोर्ट हातात पडल्यावर माझ्याकडे आलेल्या दोन मुलांना मी रिकाम्या हाताने परत पाठवलं आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

आता ही मुलं येतात कशी. भारत मित्रदेशांना दरवर्षी काही जागा देतो. आपला दूतावास त्या देशाच्या सरकारला कळवतो, तिथलं संरक्षण मंत्रालय किंवा सैन्यदल मुलगा निवडतं, कागद आपल्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्रालयांतून त्या-त्या दलाच्या मुख्यालयाकडे येतात आणि मग प्रबोधिनीकडे. खर्च कधी भारत उचलतो, कधी पाठवणारा देश. भारत उचलतो तेव्हा त्याच्या मागे बहुतेक वेळा आयटेक ही योजना असते. ती परराष्ट्र मंत्रालयाने १९६४ मध्ये सुरू केली आणि संरक्षण प्रशिक्षण हा तिचा मोठा भाग आहे. खडकवासल्याला भूतान, मालदीव, ताजिकिस्तान, किर्गिझस्तान, व्हिएतनाम, मंगोलिया, टांझानिया, सेशेल्स अशा कितीतरी देशांची मुलं शिकून गेली आहेत. नेपाळच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. नेपाळच्या सैन्याने पाठवलेला कॅडेट वेगळा आणि आपल्याच लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन भारतीय सैन्यात येणारा नेपाळी नागरिक वेगळा. दुसऱ्याला नियमांनी परवानगी आहे आणि तो सर्व अर्थांनी आपल्या सैन्याचा कॅडेट असतो. दोघं एकाच वर्गात बसलेले असू शकतात. त्यांची गल्लत केलीत तर दोघंही दुखावतात.

ही देवाणघेवाण आपलं केवळ औदार्य नव्हे. खडकवासल्याची मुख्य इमारत तुम्ही फोटोत पाहिली असेल, ती घुमटाची. तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. परदेशी मुलं आपल्या 'उपकारा'वर शिकतात असं कोणी स्टाफरूममध्ये म्हणालं तर हे नाव सांगावं.

निवड ढिली असते का? चाळणी वेगळी असते. आपला मुलगा ९०० गुणांची लेखी परीक्षा देतो, त्यात ३०० गणिताचे, आणि मग ९०० गुणांची एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. लाखो मुलांतून काहीशे निवडले जातात. परदेशी मुलाला यातलं काही द्यावं लागत नाही. पण लहान देशात वर्षाला एक-दोनच जागा असतात आणि त्यासाठी कधी कधी सगळ्या देशातून निवड झालेली असते. असा मुलगा आला की तो वर्गाला पुढे ओढत नेतो. कधी उलटही होतं. कुणाच्या तरी शिफारशीवर आलेला, सैन्यात मन नसलेला मुलगाही येतो. मी दोन्ही पाहिले. कागदांवरून कोण कसा हे कळत नाही. पहिल्या सहा आठवड्यांनी कळतं. त्याआधी मत बनवू नका एवढं मी ठामपणे सांगेन. त्या सहा आठवड्यांत तुम्ही मुलाची बुद्धी बघत नसता, त्याचं इंग्रजी बघत असता.

इतर देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंटसारख्या प्रबोधिनीत एका वेळी जास्तीत जास्त ६० परदेशी कॅडेट असू शकतात अशी कायद्यातच मर्यादा आहे. ब्रिटनच्या सँडहर्स्टचा कोर्स ४४ आठवड्यांचा, म्हणून इंग्रजी घरून पक्कं करून यावं लागतं, तिथे शिकायला वेळच नाही. आपल्याकडे एनडीएत तीन वर्षं, सहा टर्म मिळतात. भाषेत कच्चा आलेला मुलगाही सावरू शकतो ते या वेळामुळे. मात्र पहिली टर्म वाया घालवून चालत नाही.

इथे मला माझ्या धाकट्या काकांबद्दल सांगायला हवं.

१९६१ साली काका पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकत होते. वर्गात पहिले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. घरात पेढे वाटले, काकांनीही वाटले. पण पुढच्या वर्षी ते इंग्रजी शाळेत बसले आणि नापास झाले. गणितात. ज्या मुलाला त्रिकोणमिती तोंडपाठ होती तो त्रिकोणमितीतच अडकला, कारण पोर्तुगीज पुस्तकात साइनला 'सेन' लिहायचे, टॅनला 'टीजी', आणि दशांशचिन्हाच्या जागी टिंब नव्हे तर स्वल्पविराम. काका त्याला शेवटपर्यंत 'व्हिर्गुला' म्हणत. मास्तरांनी वही लाल केली. काका पुढे शिकले, पण शाळेतलं ते वर्ष त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला सांगितलं ते मी नौदलात रुजू होताना.

पहिल्यांदा एका ताजिक कॅडेटची उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा मला काकांची वही दिसली. तोच स्वल्पविराम, तेच 'टीजी'. सोव्हिएत परंपरेतल्या पुस्तकांतही टॅन 'टीजी'च असतो, कोटॅन 'सीटीजी', भागाकाराला दोन टिंबं. व्हिएतनामी मुलंही दशांशाला स्वल्पविराम देतात. आता विचार करा, फळ्यावर तुम्ही १,२५० लिहिता. तुमच्या मनात साडेबाराशे असतं, त्याच्या मनात सव्वा. भौतिकशास्त्राचं अख्खं उत्तर हजारपटीने चुकतं आणि प्रत्येक पायरी बरोबर असते. त्यावर आपण 'लाख' आणि 'कोटी' म्हणतो आणि स्वल्पविराम भलत्याच जागी देतो. जगातल्या फार थोड्या मुलांना ते माहीत असतं.

त्यामुळे गणिताच्या शिक्षिकेला माझा पहिला सल्ला: पहिल्या आठवड्यात एक संपूर्ण तास खुणांसाठी द्या. परदेशी मुलांना बाजूला घेऊन नव्हे, सगळ्या वर्गासमोर. 'तुमच्या शाळेत हे कसं लिहायचे' असं प्रत्येकाला विचारा. बिहारच्या हिंदी माध्यमातल्या मुलाला आणि आपल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलालाही सांगण्यासारखं काही असतं. परदेशी मुलगा एकटा उघडा पडत नाही, आणि तुम्हाला एका तासात कळतं कोण कुठून सुरुवात करणार आहे.

दुसरी अडचण प्रश्नपत्रिकेच्या भाषेची. 'रिस्पेक्टिव्हली' या एका शब्दाने मी किती मुलं नापास झालेली पाहिली! गणित येतं, पण कुठला आकडा कुठल्या बाजूला लागतो ते कळत नाही. 'हेन्स', 'डिड्यूस', 'प्रोव्हायडेड दॅट', 'अ‍ॅट मोस्ट'. असे पन्नास-साठ शब्द आहेत. ते दोन पानांवर, प्रत्येकी एका सोडवलेल्या उदाहरणासह लिहून द्या. मी असं टिपण पहिल्यांदा केलं त्या टर्मला भारतीय मुलांनीच त्याच्या जास्त प्रती काढून घेतल्या. परीक्षेत मात्र शब्द सोपे करू नका. त्याच शब्दांत त्याला पुढे नकाशावर आदेश वाचायचे आहेत.

आणि 'येस सर'वर, तुमच्या बाबतीत 'येस मॅडम'वर, कधी विश्वास ठेवू नका. समजलं का विचारलं की सैनिकी प्रबोधिनीतला प्रत्येक कॅडेट येस म्हणतो, परदेशी दुप्पट जोरात म्हणतो. न समजलेलं कबूल करणं हा त्याच्या देशाचा कमीपणा असं त्याला वाटतं. तो तिथे एकटा असतो, आणि एकटाच साऱ्या देशाच्या वतीने बसलेला असतो. 'समजलं का' न विचारता 'पुढची पायरी फळ्यावर कर' म्हणा. चुकला तर कुठे चुकला ते दिसतं, आणि दिसलेलं दुरुस्त करता येतं.

तो वर्गात झोपेल. पहिल्या टर्मचा प्रत्येक कॅडेट झोपतो. पहाटे पीटी, मग ड्रिल, संध्याकाळी खेळ, रात्री सीनियरांचा रगडा. परदेशी मुलाच्या डोक्यावर आणखी एक ओझं असतं, दिवसभर परक्या भाषेत ऐकण्याचं. ती सुद्धा एक पीटीच आहे. त्यातून दोन भाषा. वर्गात इंग्रजी, आणि परेड ग्राउंडवर सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारा, हिंदीत ओरडतो, बाकी सगळे वळतात आणि हा एक क्षण उशिरा वळतो. त्या एका क्षणासाठी त्याला शिक्षा मिळते. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास होईपर्यंत लिबर्टी नाही, म्हणजे रविवारी बाहेर जाणं बंद. कोर्समेट बाहेर जाऊन मिसळपाव खाऊन येतात, हा बॅरेकमध्ये. तुम्हाला परेड ग्राउंडवर काही करता येणार नाही, पण तास सुरू करताना तो का पेंगतोय हे माहीत असलं तर तुमचा आवाज वेगळा लागतो. उभं करा, फळ्याशी बोलवा, पण चारचौघांत अपमान करू नका.

दर्जाबद्दल तुम्ही विचारलंत. त्यावर मला माझी चूक सांगायची आहे. संस्थेचं नाव घेत नाही, चूक माझी होती.

दुसऱ्या टर्मचा एक मुलगा. गोड स्वभावाचा, सगळ्यांचा लाडका. माझ्या विषयात सात गुणांनी नापास. त्याच्या देशाशी आपले संबंध नव्याने जुळत होते आणि तिथून आलेली ती पहिलीच तुकडी होती. मला कुणी हुकूम दिला नाही. मीच मनात म्हटलं, पाहुणा आहे, एवढ्या लांबून आलाय, सात गुण काय ते! उत्तरपत्रिका पुन्हा 'उदारपणे' तपासली आणि पास केला. तिसऱ्या टर्मला आणखी कुणीतरी तसंच केलं असणार. चौथ्या टर्मला तो कोसळला. खालचं काहीच पक्कं नव्हतं. एकदा रेलिगेट झाला, म्हणजे एक टर्म मागे टाकला गेला. पुन्हा नापास झाला आणि त्याच्या सरकारने त्याला परत बोलावलं. जाताना भेटायला आला. म्हणाला, 'सर, तुम्ही मला तेव्हाच नापास केलं असतं तर मी एक टर्म मागे राहिलो असतो. आता मी घरी चाललोय.' रागाने म्हणाला नाही. म्हणूनच मला ते आजही ऐकू येतं.

आपल्याकडे पाहुण्याला पाटावर बसवतात आणि घरच्याला कामाला लावतात. पाहुण्याचं चुकलं तरी कुणी बोलत नाही, आणि तो निघून गेल्यावर त्याच्याविषयी बोलतात. परदेशी कॅडेटच्या बाबतीत प्रबोधिनीत हेच होतं. आम्ही त्याला सांस्कृतिक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवतो, त्याच्या राष्ट्रदिनी केक कापतो, आणि स्क्वॉड्रनच्या, म्हणजे त्याच्या वसतिगृहाच्या तुकडीच्या, क्रॉसकंट्री संघात घेत नाही. त्याला काय हवं असतं? संघात जागा. चुकल्यावर इतरांइतकीच शिक्षा. आणि सुधारायला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ. शेवटचं एवढंच वेगळं द्यायचं. जास्तीचा तास द्या, रविवारी सकाळी शंकांसाठी बसा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. गुण मात्र जितके तितकेच. रेलिगेशनची वेळ येईल असं दिसलं तर ते परीक्षेच्या बरंच आधी वरिष्ठांच्या कानावर घाला, म्हणजे त्याच्या दूतावासाला परीक्षेनंतर धक्का बसत नाही. रेलिगेट झालेल्या मुलांतून उत्तम अधिकारी झालेले मी पाहिले आहेत. दयेने पुढे ढकललेल्यांतून एकही नाही.

वर्गाबाहेरचं तुमच्याकडे थेट येणार नाही. ते डिव्हिजनल ऑफिसरचं, म्हणजे कॅडेटांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम. तरी थोडं माहीत असावं. मंगोलिया, भूतान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान या चारही देशांना समुद्र नाही. तिथली बरीच मुलं आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरतात ती आपल्या प्रबोधिनीच्या तलावात, आणि पोहण्याच्या चाचणीचा धसका अभ्यासातही दिसतो. मालदीवच्या मुलाचं उलट. पाण्यात मासा, पण त्याच्या देशात जमीन कुठेच समुद्रापासून दोन-अडीच मीटरपेक्षा फारशी उंच नाही, आणि खडकवासल्याहून समोर दिसतो सिंहगड, तेराशे मीटरचा. या दोघांची जोडी लावावी, एकाने दुसऱ्याला पोहायला शिकवावं आणि दुसऱ्याने पहिल्याला चढायला, ही माझी जुनी युक्ती. दोघं एकाच मोडक्या इंग्रजीत बोलतात, म्हणून लाजत नाहीत.

एका गोष्टीत माझं मत बदललं. सुरुवातीला मी एकाच देशाच्या मुलांना मुद्दाम लांब लांब ठेवायचो, म्हणजे इंग्रजी लवकर येईल. इंग्रजी येतही असे. पण एक मुलगा मला म्हणाला की तीन महिन्यांत त्याने स्वतःच्या भाषेत एक विनोदसुद्धा सांगितला नव्हता. तेव्हापासून खोल्या वेगळ्या, पण रविवारची दुपार त्यांची. तास-दीड तास आपल्या भाषेत बोलून आलेला मुलगा सोमवारी जास्त शिकतो.

जेवणात मुख्य प्रश्न हलालचा आणि तिखटाचा. मेसवाले दोन्ही सांभाळतात. तिखटात एकटा भूतानी कॅडेट आपल्या पुढे असतो. त्याच्या घरी मिरची ही भाजीच आहे. रमजानकडे मात्र शिक्षकांनीही लक्ष द्यावं. चांद्र पंचांगामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तीन वर्षांत महिनाभर सरकतो. टर्मचं वेळापत्रक करताना त्या तारखा आधीच खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत चाचणी सकाळी घ्या, दुपारी चारला नको. रोजा ठेवून धावायचं की नाही हे त्याने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. तुम्ही त्यात मत देऊ नये.

सुट्टी हा सगळ्यात अवघड काळ. जूनमध्ये बॅरेक रिकामे होतात आणि ज्यांना तिकीट परवडत नाही किंवा जाण्या-येण्यातच सुट्टी संपेल अशी मुलं मागे उरतात. कोर्समेट त्यांना घरी नेतात, आणि मला वाटतं या सबंध व्यवस्थेत त्याहून मोलाचं दुसरं काही नाही. आमच्याकडे एका जूनमध्ये एक ताजिक मुलगा राहिला होता. डोंगराळ, कोरड्या देशातला. बांदोड्याचा पाऊस बघत तो तासन्‌तास व्हरांड्यात बसायचा. आईने त्याला फणसाचे गरे काढायला बसवलं, हाताला तेल लावून. चौथ्या दिवशी तो आईला 'आई' म्हणायला लागला, कुणी न शिकवता. गोव्यातल्या कॅडेटांच्या पालकांना माझं नेहमी सांगणं असतं, मुलाला विचारा, तुझ्या खोलीत कुणी मागे राहतंय का.

गोव्यातच थोड्या मोठ्या वयाचे परदेशी प्रशिक्षणार्थीही असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. वास्कोच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत हिंदी महासागराभोवतीच्या देशांचे अधिकारी समुद्रतळ मोजायला, सागरी नकाशे करायला शिकतात. २०११ पासून वेरेंला असलेल्या नेव्हल वॉर कॉलेजमध्येही मित्रदेशांचे वरिष्ठ अधिकारी येतात. त्यांचे प्रश्न वेगळे: भाड्याचं घर, मुलांची शाळा, बायकोला दिवसभर करायला काय. कॅडेटाला घर सोडून आल्याचं दुःख असतं, यांना घर सोबत घेऊन आल्याची काळजी. त्यांना चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी बोलवा. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, उभं राहून कुठलं फळ काय हे विचारताना सेशेल्सचा माणूस आणि आपला माणूस दोघांना अर्धी फळं ओळखीची निघतात.

एक नाजूक गोष्ट. काही विषय, काही तास परदेशी कॅडेटांना खुले नसतात. हे प्रत्येक देशात असतं आणि त्यांनाही ते माहीत असतं. गोपनीयतेचा नियम पाळायचाच, त्यात सवलत नाही. पण वर्ग भरल्यावर 'फॉरेनर्स बाहेर जा' असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आदल्या दिवशी वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे वेगळं काम लिहिलेलं असलं की हा प्रसंग येतच नाही. ते काम खरं काम असावं, वाचनालयात नुसतं बसवून ठेवणं नसावं.

आणि एक गोष्ट कुठल्याही नियमपुस्तकात नसते. मुलाला पाठवणारा देशच बदलला तर? १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं तेव्हा आपल्या प्रबोधिन्यांत अफगाण कॅडेट शिकत होते. ज्या सैन्यात ते जाणार होते ते सैन्यच उरलं नाही. गणवेश अंगावर, आणि शपथ घ्यायची ती कुणाची? मी तोवर निवृत्त झालो होतो, पण जुन्या सहकाऱ्यांशी रोज बोलत होतो. पुढे २०२२ मध्ये सुमारे ८० अफगाण कॅडेटांसाठी आयटेकमधून वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम आणि राहण्याची सोय केली गेली. वर्षभराचा आधार मिळाला, आणि तो मोठा होता. त्याच काळात तालिबानच्या बाजूने बोलणी करणारे शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई हे स्वतः १९८० च्या दशकात डेहराडूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीत शिकलेले, कोर्समेट त्यांना 'शेरू' म्हणत, हेही वर्तमानपत्रांत आलं. आपण ज्याला शिकवतो तो पुढे कुठे उभा असेल हे आपल्या हातात नसतं. पण देश अडचणीत आला की वर्गातला तो मुलगा आतून पार हललेला असतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं तेव्हाही ज्या-ज्या संस्थेत सुदानी विद्यार्थी होते तिथे हेच झालं असणार. अशा वेळी चाचणी पुढे ढकलायला परवानगी लागत असेल तर ती मागा. आणि फोन लावून घरचा आवाज ऐकू द्यायची सोय पहिल्या तासात करा, दुसऱ्या दिवशी नाही.

शेवटी नावांचं, कारण तुमचं काम तिथूनच सुरू होणार. फॉर्मवर आडनावाचा रकाना असतो आणि प्रबोधिनीत छातीवर आडनावाचीच पट्टी लागते. म्यानमारच्या माणसाला आडनाव नसतं. बहुतेक भूतानी नावांतला दुसरा शब्दही आडनाव नव्हे, सख्ख्या भावांची दुसरी नावं वेगळी असतात. व्हिएतनामी माणूस आडनाव आधी लिहितो आणि हाक मारायचं नाव शेवटी. 'न्गुयेन' हे आडनाव तिथे आपल्या नाईकांपेक्षा सर्रास, तिघांना एकदम हाक मारल्यासारखं होतं. दिल्लीत कुणीतरी रकाना भरण्यासाठी काहीतरी लिहितं आणि मुलगा तीन वर्षं चुकीच्या नावाने वावरतो, कारण तक्रार करायची नाही असं त्याला घरून सांगून पाठवलेलं असतं.

पहिल्या तासाला खडू त्याच्या हातात द्या. नाव त्याच्या लिपीत लिहू दे, खाली तुम्ही देवनागरीत लिहा, मोठ्याने वाचा आणि बरोबर झालं का ते त्याला विचारा. प्रश्नपत्रिकेतल्या त्या शब्दांचं दोन पानी टिपण आणि रशियन, ताजिक, व्हिएतनामी पुस्तकांतल्या गणिती खुणांची माझी वही मी जपून ठेवली आहे. जुलैच्या आधी डिचोलीला पाठवून देतो, पत्ता तेवढा कळवा.